वरच्या मजल्यावरचा साप

डॉक्टर आले तेव्हा वहिनी वाटाणे सोलत होत्या आणि भावोजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, सोललेले वाटाणे खात होते. तपासाच्या कामातही दोघांची वाटणी साधारण अशीच असे.

डॉक्टरांच्या बाहीवर थुंकीचा डाग होता. वहिनींची नजर तिथेच गेली.

"पुसला नाहीत?"

"किती वेळा पुसणार? ती बाई रोज दवाखान्याच्या दारात उभी असते. तिची मुलगी गेली."

शिवणकारखान्यातल्या मुलींचं वसतिगृह. वरचा मजला, कोपऱ्यातली खोली, तिच्यात दोन मैत्रिणी. एकीचा घसा धरला. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, तर घशात करडा पापुद्रा. डिप्थेरिया. त्यांनी तिला ताबडतोब मोठ्या इस्पितळात धाडलं आणि ती वाचली. खोलीत मागे राहिलेली दुसरी मात्र आठवडा संपायच्या आत गेली.

"हा रोग आरोग्य खात्याला कळवावाच लागतो," डॉक्टर म्हणाले. "तपासणीच्या निकालाची वाट बघायची नाही. नुसता संशय आला की त्याच दिवशी फोन. मग खात्याची माणसं येतात, शेजारच्यांना तपासतात, औषध देतात, लस टोचतात. मी फोन केला. खातं म्हणतं, असा फोन आलाच नाही. उद्या चौकशी आहे. माझा परवाना जाईल."

"फोनची नोंद असेल की."

"फोन केला एवढं दिसतं. काय बोललो ते कुठे दिसतंय? खात्याचे साहेब म्हणतात, गटार तुंबलं म्हणून केला असेल."

"आणि मोठं इस्पितळ? त्यांनी का नाही कळवलं?"

"मी कळवलंय असं मीच त्यांना सांगितलं होतं."

भावोजी वाटाणा चघळत म्हणाले, "म्हणजे सगळे एकमेकांच्या भरवशावर."

"फोनवर शब्द काय वापरलेत?" वहिनींनी विचारलं.

"शब्द आता कुठले आठवायला? लाइन नुसती खरखरत होती. साध्या आपल्या भाषेत सांगितलं. सरकारी माणसासमोर मी इंग्रजी नावं घेत नाही, उगाच घोळ होतो."

भावोजींच्या स्कूटरवरून दोघं दवाखान्यात गेले. ती स्कूटर इतकी म्हातारी होती की रस्त्यातले खड्डे तिला बघून बाजूला सरत, असं भावोजी शपथेवर सांगत. भिंतीवर पिवळी पडलेली पाटी होती: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, बाळाला लस टोचून घ्या. वहिनींनी ती वाचली. भावोजी वजनकाट्यावर चढले. काटा गरकन पूर्ण फिरून शून्यावर आला आणि भावोजी खूश झाले.

दारात मुलीची आई उभी होती. सुकलेली, ताठ.

"तुम्ही ह्याच्या बाजूच्या?" तिने विचारलं.

"अजून कुणाच्याच नाही."

"इस्पितळाची गाडी तिच्या मैत्रिणीला आली होती. माझीला मेल्यावर आली. मधले दिवस कुणी गिळले एवढं सांगा मला."

"उद्या चौकशीला या," वहिनी म्हणाल्या.

वसतिगृहाच्या मावशी जिना पुसत होत्या. आरोग्य खात्याचं कुणी आलं होतं का, असं विचारताच त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कुत्रंसुद्धा आलं नाही. हो, एक सापवाला आला होता. पहिली पोरगी इस्पितळात गेल्यावर दोन दिवसांनी. काठी, पोतं घेऊन थेट वर, कोपऱ्यातल्या खोलीत. गाद्या काय झटकल्या, ट्रंका काय हलवल्या. अहो, तिथे डास चढताना दमतो, साप कुठला येतोय?"

"बोलावलं कुणी त्याला?"

"आम्ही नाही बाई. वर मलाच विचारतो, गळ्यात साप कुणाच्या आहे? मी म्हटलं, तुझ्या सासूच्या."

भावोजी इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. वहिनी हसल्या नाहीत.

"तेव्हा खोलीत कोण होतं?"

"दुसरी. घशाला फडकं गुंडाळून पडली होती बिचारी. म्हणाली, सर्दी आहे."

खात्यात फोनवर बसणाऱ्या बाई स्वेटर विणत होत्या. डाव्या कानाला फोन, उजव्या हातात टाके.

"रोगाचा फोन आला असता तर मी विसरले असते का? ती घाई वेगळी असते. इथे दिवसभर उंदीर, मेलेली कुत्री, साप. सापाचं तर विचारू नका. निम्म्यांना साप दिसलेला नसतो, नुसता संशय असतो."

"सापाचा फोन आला की काय करता?"

"मागच्या अंगणात हाक मारते."

मागच्या अंगणात सापवाला ऊन खात बसला होता आणि डावा दंड चोळत होता.

"साप चावला काय रे?" भावोजींनी विचारलं.

"साप नाही, साहेब चावले. सुई टोचली, गाठ अजून गेली नाही. विषावरचं आगाऊ इंजेक्शन. आणि वर विष उतरायच्या गोळ्या, आठवडाभर. इतकी वर्षं साप धरतोय, पहिल्यांदाच काळजी केली माझी."

"भला माणूस," भावोजी म्हणाले.

"कधी टोचली?" वहिनींनी विचारलं.

"वसतिगृहातून आलो त्याच संध्याकाळी. आधी दोन दिवस दुसरीकडेच अडकलो होतो. साप नव्हता हे सांगायला गेलो, तर सापाचं काही विचारलंच नाही त्यांनी. खोलीत कोण होतं, तुझ्या अंगावर खोकली का, एवढंच. मग सुई. म्हणाले, कुणाला सांगू नकोस, सगळे मागतील."

साहेब वहिनींशी दोनच वाक्यं बोलले. "फोन आला नाही. डॉक्टर खोटारडे आहेत." आणि चहा मागवला, स्वतःपुरता.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत सगळे जमले. वरून आलेले चौकशी अधिकारी पंख्याखालची जागा धरून बसले. वहिनी उभ्याच राहिल्या.

"डॉक्टर, डिप्थेरियाला आपल्या भाषेत काय म्हणतात?"

"घटसर्प."

फोनवरच्या बाईंची सुई थांबली.

"फोनवर काय सांगितलं असेल ते मी सांगते, चुकलं तर थांबवा. वसतिगृह, वरचा मजला, कोपऱ्यातली खोली. घटसर्पाचा संशय आहे, गळ्यात दिसतोय. लाइन खरखरतेय. बाई, तुम्ही काय ऐकलंत?"

बाईंच्या ओठांतून आवाज जेमतेम बाहेर आला. "घरात सर्प. सर्पाचा संशय. गळ्यात."

"म्हणून मागच्या अंगणात हाक मारलीत. तुम्ही खोटं बोलला नाहीत. डॉक्टरही नाहीत. वसतिगृहातून कुणी बोलावलं नाही, तरी सापवाला बरोबर त्याच खोलीत गेला. डॉक्टरांनी फोन केला याला आणखी पुरावा कशाला हवा?"

साहेब हसले. "मग झालं तर. ऐकण्यातली चूक. कार्यालयाचा हेतू शुद्ध होता."

"त्या संध्याकाळपर्यंत होता," वहिनी म्हणाल्या. "साहेब, साप चावायच्या आधी टोचायचं इंजेक्शन कुठे मिळतं? आमच्या भावोजींनाही हवंय. ते फार भित्रे आहेत."

साहेबांनी रुमाल काढला.

"विषावरचं औषध चावल्यावर देतात, आधी नाही. तुम्ही टोचलीत ती घटसर्पाची लस. गोळ्याही त्यावरच्याच. हा माणूस आला आणि म्हणाला, साप नाही, फडकं बांधलेली मुलगी आहे. तुम्ही मुळात डॉक्टर. त्या क्षणी तुम्हाला तो शब्द कळला. पण तोवर दोन दिवस गेले होते. वसतिगृहात माणसं धाडली असती तर फोन आला होता हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून आपल्या माणसाला वाचवलंत आणि गप्प बसलात. ती मुलगी तेव्हा बोलत होती."

सापवाल्याचा हात दंडावरून खाली आला. "साहेब, मला सांगितलं असतंत तर मी तिला खांद्यावर घेऊन आलो असतो."

चौकशी अधिकाऱ्यांनी घसा खाकरला आणि जाहीर केलं, की डॉक्टरांनी नियम पाळलेला आहे, परवान्याला बाधा नाही. साहेबांबद्दल वर लिहून पाठवू, वर योग्य तो विचार होईल. वर म्हणजे नेमकं कुठे, असं भावोजींनी विचारलं. त्यांना बसायला सांगण्यात आलं.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तरतरी आली. ते मुलीच्या आईजवळ गेले, हात जोडले.

"आता तरी पटलं ना, ताई? मी त्याच दिवशी कळवलं होतं."

"पटलं," ती म्हणाली. "मग कुणीच आलं नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तसं... विचारलं नाही मी."

"वसतिगृह तुमच्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत आहे."

"ताई, नियमात एकदाच कळवायला सांगितलंय."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. थुंकली नाही. पदर सारखा केला आणि चालायला लागली.

डॉक्टर वहिनींकडे वळले. "तुम्हीच सांगा, माझं काही चुकलं का?"

"नाही डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "नियमाप्रमाणे काहीच नाही."

आणि भावोजींना म्हणाल्या, "तुम्ही स्कूटरवर त्या मुलीच्या आईला सोडून या. मी चालत जाईन."