बिननावाचा कान

बटण हा अत्यंत मठ्ठ प्राणी आहे. कितीही दाबा, त्याला काही कळत नाही. त्याच्यापाशी कोणीतरी कान लावून बसलेलं असेल, तरच पुढे काही घडतं. हे कान बसवणं हे माझं काम. पडद्यावर बोट टेकलं की यंत्र एक निरोप तयार करतं आणि कानाच्या हवाली करतं. काय झालं, कुठल्या बटणावर झालं, नेमक्या कुठल्या जागी झालं, सगळं त्या निरोपात असतं. आणखी एक खूणही असते, की हा स्पर्श खरा होता की एखाद्या प्रोग्रॅमने केलेलं सोंग. ती खूण यंत्र स्वतः करतं. मी जंग जंग पछाडलं तरी मला ती बदलता येणार नाही. पुस्तकात यांना इव्हेंट आणि लिसनर म्हणतात. आम्ही ऑफिसात निरोप आणि कान म्हणतो.

"म्हणजे तू दिवसभर बटणांना कान लावून बसतेस," ताई म्हणायची, "आणि याचे पगार देतात?"

ताई, माझी मोठी बहीण, पोहायला शिकवायची. आवाज असा की तलावाच्या त्या टोकाचा माणूस दचकून सरळ पोहायला लागे. तिचं घर खाली, माझी खोली वरच्या मजल्यावर. जेवायची वेळ झाली की ती जिन्यातून ओरडायची, "ठमे, चल!" मी पडद्यावरून नजर न काढता म्हणायचे, "तू हो पुढे, मी आलेच." माझं हे 'आलेच' घरात थट्टेचा विषय होता. भावजी तर ताट झाकूनच ठेवत.

मग एका सकाळी तलावाच्या काठावर, शिट्टी तोंडात असतानाच, ताई खाली बसली आणि आडवी झाली. मेंदूत रक्तस्राव. जीव वाचला. पुष्कळ दिवसांनी तिला घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पलंग लावला. डोळे उघडे असायचे, श्वास नीट चालायचा, पण त्या डोळ्यांमागे कोणी आहे की नाही हे कोणालाच सांगता येईना.

त्या शुक्रवारी मोठे डॉक्टर येणार होते. ताईला समजतंय अशी एक तरी खूण त्यांना मिळाली, तर चालायला, बोलायला पुन्हा शिकवतात त्या रुग्णालयात तिला जागा मिळणार होती. नाही मिळाली, तर गावाबाहेरचं ते निवासी घर. तिथे माणसाला स्वच्छ ठेवतात, कूस बदलतात आणि बाकी काही करत नाहीत. भावजी चष्म्याचं दुकान बंद ठेवून घरात नुसते फेऱ्या मारत होते.

मी म्हटलं, थांबा. बटणांचं मी बघते.

एक जुना टॅबलेट घेतला, लवचिक दांड्यावर बसवून पलंगाला अडकवला आणि ताईच्या उजव्या हातापाशी आणला. तिचं पहिलं बोट कधीकधी थरथरायचं, तेवढीच आशा. पडद्यावर दोनच बटणं केली, तळहाताएवढी. एक 'हो', एक 'नाही'. दाबलं की तो शब्द मोठ्याने ऐकू यायचा. आवाज मी माझाच भरला होता, घाईत दुसरा कुठून आणणार?

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले होते आणि जाता जाता, सवयीनेच, विचारलं, "ताई, जरा खिडकी लावू का गं?"

मागून माझाच आवाज आला, "हो."

हातातला पेला कुठे ठेवला मला आजही आठवत नाही. मी धावत आले, लॅपटॉप उघडला, निरोप पाहिला. 'हो' बटण, बरोबर मधोमध. स्पर्श खरा! मी खिडकी लावली. कडी घालायची राहूनच गेली.

"ताई, तू आहेस ना? ऐकू येतंय ना?"

"हो."

"भावजी आपले घोरतात का?"

"हो."

"ताई, मी हुशार आहे का?"

जरा वेळ शांतता. मग, "नाही."

मी मोठमोठ्याने हसले, हसता हसता रडले, आणि भावजी धावत आले तर त्यांना काही सांगताच येईना, नुसता पडदा दाखवला. त्यांनी विचारलं, "अगं, मी कोण?" आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की याचं उत्तर हो-नाहीत येत नाही. मग आम्ही तिघं हसलो असंच मला वाटलं. ताईचा चेहरा हलला नव्हता, पण हे उत्तर दुसऱ्या कोणाचं असणार? जगात मला इतक्या हक्काने नाही म्हणणारी एकच बाई आहे.

संध्याकाळी व्यायाम करवून घेणाऱ्या बाई आल्या. त्यांच्यासमोर मी पुन्हा सगळे प्रश्न विचारले, उत्तरं धडाधड आली. बाई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या आणि ताईच्या हाताशी वाकून बघत राहिल्या.

"बोट नाही हलत त्यांचं," शेवटी त्या म्हणाल्या.

"हलतं हो. तुमचं लक्ष नसेल."

"लक्ष ठेवायचेच पैसे घेते मी. तुम्ही विचारा, आणि पडद्याकडे नका बघू. हाताकडे बघा."

मी विचारलं, "ताई, दिवा लावू?" आणि हाताकडे पाहिलं. बोट चादरीवर होतं. काच त्याच्यापासून वीतभर लांब.

"हो," पडदा म्हणाला.

बाईंनी आपली पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या.

मी घाबरले नाही. माझ्या धंद्यात भुतं नसतात, चुका असतात. चार्जर खराब असला की पडद्याला उगाच स्पर्शाचे भास होतात, हे मला माहीत होतं. चार्जर बदलला. मग काढूनच टाकला. काच पुसली. प्रश्न विचारला की उत्तर येतच होतं, आणि बरोबर येत होतं. खराब चार्जरला भावजींचं घोरणं कसं कळणार?

मग मला एक कल्पना सुचली आणि मी पुन्हा उत्साहाने उभीच राहिले. पडद्यावर सगळं डब्यात डबा असं असतं. बटण एका पट्टीत, पट्टी पानात, पान सगळ्यात बाहेरच्या चौकटीत. बोट टेकलं की निरोप आधी बाहेरून आत उतरतो, चौकटीतून पान, पट्टी करत बटणापर्यंत. तिथे पोचला की उलटा वर चढत बाहेर येतो. जाणं आणि येणं, दोन्ही. म्हणून मी सगळ्यात बाहेरच्या चौकटीला दोन कान लावले. निरोप आत जाताना ऐकणाऱ्याने 'टिंग' वाजवायचं, बाहेर येताना ऐकणाऱ्याने 'टुंग'. स्पर्श कुठून येतोय हे तरी कळेल.

आणि घाईत मी नवशिक्यासारखी चूक केली. लॅपटॉपवरून, पान चालू असतानाच, कान थेट बसवले आणि त्यांना नावं दिली नाहीत. कान काढायचा तर त्याच्या नावाने काढावा लागतो. बिननावाचा कान काढता येत नाही, पान बंद केलं तरच जातो.

मी माझं बोट 'हो'वर टेकवलं. टिंग, टुंग. भावजींना टेकवायला लावलं. टिंग, टुंग. छान.

"ताई," मी म्हटलं, "बरी आहेस ना?"

टुंग. "हो."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा नुसतं टुंग.

ऑफिसातल्या टकल्याला फोन केला. डोक्यावर केस नसले तरी आत चांगलं आहे त्याच्या.

"अगं, असं होऊच शकत नाही," तो म्हणाला. "आत गेल्याशिवाय निरोप बाहेर कसा येईल?"

"येतोय. तुला ऐकवू?"

त्याने ऐकलं. मग म्हणाला, "स्पर्शाची खूण काय म्हणते?"

"खरा."

"पान बंद करून पुन्हा उघड. कान नीट लाव, नावं देऊन."

माझं बोट त्या बंद करायच्या खुणेवर गेलंही. पण टेकवेना. आत जाणारं काहीच नाही, फक्त बाहेर येणारं. म्हणजे जे कोणी होतं ते आतच होतं. आणि ते मला ठमी समजून उत्तरं देत होतं! माझी ताई आत होती. पान बंद केलं आणि ती त्याच्याबरोबर बंद झाली तर? मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता की जिना मी दोन-दोन पायऱ्या टाकत चढले.

शुक्रवारी मी पडदा इतका जवळ ओढला की ताईचं बोट काचेच्या कडेला टेकलेलंच राहिलं. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मोठ्या डॉक्टरांनी आधी स्वतः बटण दाबून पाहिलं. टिंग, टुंग.

"हे काय वाजतं?"

"दाबल्याची पोच," मी म्हटलं.

मग ते ताईच्या डोळ्यांत बघत विचारू लागले. टुंग, हो. टुंग, नाही. टुंग, हो. एक आवाज कमी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी मात्र प्रत्येक टुंगला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

शेवटी त्यांनी आम्हाला दाराबाहेर उभं केलं आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी हळूच विचारलं. उत्तर येईना. भावजींनी माझा दंड गच्च धरला होता. ताई, दाब ना, मी पुटपुटत होते, दाब ना गं.

टुंग.

"हो."

डॉक्टर सरळ झाले. "जागा देतो," ते म्हणाले. भावजी तिथेच उंबऱ्यावर बसले.

ताईला नेलं. पहिला शब्द फुटायला वेळ लागला, पण फुटला, आणि तो 'गधडे' होता. मग कुबडी आली, मग नुसती काठी. मी रोज भेटायला जायचे आणि हवेत तरंगत परत यायचे. त्या काळात लोकांना माझं एकदा बोललेलं ऐकूच जात नसे, दोनदा सांगावं लागे. दुकानाची आपोआप उघडणारी दारं माझ्यासाठी उघडेनात, मागून कोणी आलं की त्यांच्याबरोबर मी आत शिरायचे. टकल्याला मी हे विनोद म्हणून सांगितलं. त्याने "काय म्हणालीस?" असं विचारलं.

ताई घरी आली ती लख्ख दुपार होती. टॅबलेट अजून दांड्यावरच होता, चार्जरला लावलेला, ते पान तसंच उघडं. बंद करायचा धीर मला झालाच नव्हता. ती काठी टेकत त्याच्यासमोर बसली.

"हेच ना ते?" ती म्हणाली. "याच्यामुळे वाचले मी."

"तू दाबत होतीस म्हणून वाचलीस."

"मी?" ती हसली. "हात कुठे उचलत होता माझा? मी नुसतं सांगायचे. दाबायचीस तूच."

"मी प्रश्न विचारत होते, ताई. बाहेरून."

"बाहेर एक होतीसच की. पण आत माझ्याशेजारी कोण बसलं होतं मग? हुशार आहे का विचारलंस, तेव्हा कशी रुसली होतीस! 'नाही' दाबायलाच तयार नव्हतीस."

भावजी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. भांड्यांचा आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू येत होता.

"मग?" मी विचारलं.

तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"मग काय. ते डॉक्टर कानात म्हणाले, यायचंय का बाहेर. मी तुझा हात धरला, म्हटलं, ठमे, चल." ती पुन्हा हसली, जुन्यासारखी, मोठ्याने. "आणि तुझं ते नेहमीचंच. तू हो पुढे, मी आलेच."

मीही हसले. मग म्हटलं, "ताई, एकदा दाबून बघ ना."

तिने बोट टेकवलं. टिंग, टुंग. "हो," माझा आवाज म्हणाला.

मी पुढे झाले. काच उन्हाने तापली असणार, पण मला ती कोमट लागली, आपल्याच हातासारखी. मी बोट 'हो'वर ठेवलं आणि कान देऊन ऐकलं.

टुंग.