मर्ल टेशचा शेवटचा हाका

डार्लीन ऑस्टबी दारात उभी राहिली तेव्हा गॉर्डीच्या तोंडात केकचा घास होता. तिला ओळखताच तो घास काही केल्या खाली उतरेना.

व्हर्ना स्कारने तिला स्वयंपाकघरातच बसवलं आणि कॉफी पुढे केली. व्हर्ना पूर्वी विस्कॉन्सिनच्या जंगलात शिकाऱ्यांवर लक्ष ठेवणारी वॉर्डन होती. निवृत्त झाल्यावर ती लोकांच्या खासगी चौकशा करायची. गॉर्डी पेक तिचा मेहुणा. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरवर तो उभा असे, आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे येऊन खात बसे.

"माझ्या नवऱ्याने माझ्या वडिलांना मारलं," डार्लीन म्हणाली. "हरणाच्या शिकारीत, चुकून. सगळे तसंच म्हणतात. लाइल स्वतःही तेच म्हणतो. सोमवारी कोर्टात गुन्हा कबूल करणार आहे. ते खरं आहे का, एवढंच मला हवंय."

"आणि खरं निघालं तर?"

"तर ते घेऊन जगेन. पण तो आमच्या पोरीला उचलूनसुद्धा घेत नाही हो. म्हणतो, माझे हात नकोत तिला लागायला." एवढं बोलून ती रडली. मग तिने नाक पुसलं आणि घडलं ते सांगितलं.

शिकारीच्या झोपडीवर चौघे होते. तिचे वडील मर्ल टेश, भाऊ रोलंड, नवरा लाइल, आणि वडिलांचा म्हातारा दोस्त नॉर्बर्ट. नॉर्बर्टचा गुडघा गेलेला, त्यामुळे तो झोपडीतच होता. लाइल सीडरच्या झाडांच्या दलदलीतून हरणं उठवत, हाका घालत येत होता. दलदलीच्या तोंडाशी मर्ल उलट्या बादलीवर बसला होता. रोलंड पलीकडच्या टेकाडावर. लाइलला झाडीत काहीतरी तपकिरी हललेलं दिसलं आणि त्याने बार टाकला. बाहेर येऊन बघतो तर मर्ल बर्फात पडलेला. गोळी आरपार गेली होती, ती सापडली नाही. मर्लला बादलीवर बसल्या बसल्या सारखं वळायची खोड होती, त्यामुळे गोळी कुठून आली तेही कुणाला सांगता येईना.

"लाइलच्या बंदुकीवर काय होतं? स्कोप?" व्हर्नाने विचारलं.

"नाही, तो नवा रेड डॉट, नेमाला लाल ठिपका दाखवणारा. ह्या गॉर्डीनेच दिला होता."

गॉर्डीने ताटलीवर मान खाली घातली.

डार्लीन सगळ्यांना झोपडीवर बोलावून स्वतःच्या गाडीने पुढे गेली. तिच्यामागून जाताना व्हर्नाच्या गाडीत गॉर्डीला राहवेना. "व्हर्ना, मागच्या हंगामात लाइलचा नेम चुकला. ह्यांच्यात नेम चुकला की त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचा खालचा तुकडा, कापून भिंतीला ठोकतात. माझ्याकडे आला तेव्हा बिचारा पार खजील झालेला. त्याला झूमचा स्कोप हवा होता, तीनपासून नऊपट मोठं दाखवणारा. मीच म्हटलं, दलदलीत सगळं हाताच्या अंतरावर असतं, तिथे कशाला झूम? रेड डॉट घे. दोन्ही डोळे उघडे ठेव, लाल ठिपका बसला की चाप ओढ."

"सल्ला बरोबर होता."

"बरोबर कसला! त्यात काही मोठं दिसतच नाही. स्कोप असता तर त्याला कळलं असतं समोर माणूस आहे. मर्ल माझ्यामुळे मेला."

"तुला दोष घ्यायची फार घाई आहे," व्हर्ना म्हणाली. "जरा थांब."

झोपडीत मांसाच्या रश्शाचा वास भरून राहिला होता. भिंतीवर शर्टांची शेपटं, प्रत्येकाखाली नाव. नॉर्बर्टने वाडगे भरले आणि मग खुर्चीत टेकला.

"मी काय सांगणार? इथे दारात उभा राहून बटाटे सोलत होतो. लाइलचा बार ऐकला आणि लगेच मागोमाग त्याचा प्रतिध्वनी. म्हटलं, झालं, आज कलेजी खायला मिळणार." त्याने चमचा वाडग्यात परत ठेवला. "लाज वाटते आता."

"त्या दिवशी बर्फ होता?"

"हा असाच. फांद्या जमिनीला टेकलेल्या."

"आणि ती दुर्बीण?" व्हर्नाने खिळ्याला टांगलेल्या जुन्या दुर्बिणीकडे बोट केलं.

"मर्लची. अख्ख्या झोपडीत ती एकच. त्या दिवशी तो विसरूनच गेला. हल्लीच्या पोरांना कुठे लागते दुर्बीण!"

लाइल बाहेर लाकडं फोडत होता. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली नाही. "डार्लीनने कशाला तुम्हाला त्रास दिला? मी मारलं, संपलं."

"नारिंगी दिसलं होतं तुला? मर्लच्या अंगात शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट होतं."

"तपकिरी दिसलं. पण दिसलं तेच असतं असं कुठे आहे? तो तिथे होता, मी त्या बाजूला बार टाकला, तो मेला. तुम्ही काय कराल माझ्या जागी?"

व्हर्ना वळून झोपडीकडे परत निघाली. गॉर्डीची लाइलकडे बघायची हिंमत झाली नाही.

रोलंड दुपारी आला. उंचापुरा, डोळे खोल गेलेले. बहिणीपासून लांबच बसला.

"मी एकही बार टाकला नाही," तो म्हणाला. "टेकाडावर होतो. बाबांकडेच बघत होतो. त्यांनी दातांनी हातमोजा ओढून काढला. बटरस्कॉचचा कागद सोलत होते, तो काही निघेना, तर पुटपुटले काहीतरी. तेवढ्यात लाइलचा बार झाला आणि बाबा कोसळले." त्याने हातांनी तोंड झाकलं. "लाइलला कशाला बोल लावायचा? कुणाच्याही हातून होतं."

"शेरीफच्या माणसांनी तुझी बंदूक पाहिली?"

"कशाला पाहतील? मी टेकाडावरून उतरेपर्यंत लाइलने कबूल करून टाकलं होतं."

व्हर्नाने नारिंगी कोट चढवला. त्या दिवशी लाइल उभा होता त्या जागी जाऊन तिने आपल्या बंदुकीने दलदलीच्या बांधात एक बार टाकला. गॉर्डी नॉर्बर्टबरोबर दारात उभा होता. आवाज झाला आणि कापसात बुडावा तसा विरून गेला.

"आज प्रतिध्वनी आला नाही," नॉर्बर्ट म्हणाला. "वारा फिरला असेल."

मग तिने गॉर्डीला टेकाडावर धाडलं आणि स्वतः मर्लच्या बादलीवर जाऊन बसली. गॉर्डीकडे दुकानातले दोन नमुने होते, एक रेड डॉट आणि एक झूमचा स्कोप, दोन्ही बंदुकीवर न बसवलेले. नुसत्या डोळ्यांनी व्हर्ना म्हणजे एक नारिंगी टिकली. रेड डॉटमधूनही तेवढीच, वर लाल ठिपका. मग त्याने स्कोप डोळ्याला लावून त्याचं झूमचं कडं नऊवर फिरवलं. व्हर्ना एकदम समोर आली. ती संत्रं सोलत होती. साल तुटली, तर तिने तोंड वाकडं केलं, तेही दिसलं.

गॉर्डीने स्कोप खाली घेतला. इतकं स्वच्छ दिसतं! आणि हे आपण लाइलला दिलं नाही. खाली येऊन त्याने व्हर्नाला तसं सांगितलंही, अगदी रडवेला होऊन.

"गॉर्डी," ती म्हणाली, "तू स्वतःला दोष देण्यात इतका गुंतलायस की डोळ्यांनी पाहिलेलंही तुला दिसत नाही. चल आत."

सगळे टेबलाभोवती बसले. व्हर्नाने कोट काढला नाही.

"लाइल, नॉर्बर्टने त्या दिवशी दोन आवाज ऐकले. दुसरा प्रतिध्वनी वाटला. पण एवढ्या बर्फात ही दलदल आवाज गिळते, परत देत नाही. आज माझा एकच बार ऐकू आला. त्या दिवशीही फांद्यांवर असाच बर्फ होता. म्हणजे बार दोन झाले. तू किती टाकलेस?"

"एक."

"मग दुसरा कुणाचा? नॉर्बर्ट इथे बटाटे सोलत होता. राहिला एकच माणूस."

"तुम्ही काय बोलताय कळतंय का?" डार्लीन उठली. "माझा भाऊ आहे तो."

"कळतंय." व्हर्ना रोलंडकडे वळली. "तुझ्या वडिलांनी दातांनी हातमोजा काढला, बटरस्कॉचचा कागद निघेना, पुटपुटले. टेकाडावरून हे डोळ्यांनी दिसत नाही. गॉर्डीला मी नारिंगी टिकलीएवढी दिसले. दुर्बीण इथे खिळ्याला होती. मग तू पाहिलंस कशातून?"

रोलंडने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बंदुकीवरच्या स्कोपमधून. आणि स्कोप जिकडे बघतो, नळीही तिकडेच बघते. वॉर्डन असताना कितीतरी जणांनी मला असं न्याहाळलंय. दरवेळी मानेवर काटा यायचा. त्यांच्या मनात काही नसायचं. तुझ्याही नव्हतं. हरीण कधीही निघेल म्हणून सेफ्टीचा खटका काढलेला, बोट चापावर. लाइलचा बार झाला, तू दचकलास आणि चाप ओढला गेला."

चुलीत लाकूड खाली घसरलं. कुणी उठून ते नीट केलं नाही.

"त्यांच्या मिशीत बर्फ अडकला होता," रोलंड शेवटी म्हणाला. "मला हसू येत होतं. एवढे जवळ दिसत होते, वाटलं हाक मारली तर ओ देतील. मग आवाज झाला आणि स्कोपमध्ये कुणीच नव्हतं. धावत खाली आलो, तर लाइल त्यांना मांडीवर घेऊन ओरडत होता, मी मारलं, मी मारलं. मी तोंड उघडलं, पण शब्दच फुटला नाही. म्हटलं उद्या सांगू. मग रोज उद्याच म्हणत राहिलो."

लाइलने कितीतरी वेळ स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग ते टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांवर कपाळ टेकलं. डार्लीन त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली. भावाकडे जावं की न जावं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

"सोमवारी मी जातो कोर्टात," रोलंड म्हणाला.

गॉर्डीला हलकं वाटलं. वाटू नये असं वाटत असतानाही वाटलं. रेड डॉटने कुणाचा जीव घेतला नव्हता. आपला सल्ला बरोबर होता. तो रोलंडजवळ गेला आणि काहीतरी धीराचं बोलावं म्हणून त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"नको रे," रोलंड म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुलाही वाईट वाटेल. मी दुर्बीण घ्यायला आलो होतो तुझ्याकडे, आठवतं? तू तिचा खोका परत कपाटात ठेवलास. म्हणालास, हा स्कोप घे, कडं नऊवर फिरव, दुर्बिणीचे पैसे वाचले."

गॉर्डीला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. त्या वाक्यावर गिऱ्हाईक हमखास हसायचं आणि पाकीट काढायचं.

व्हर्ना त्याच्याकडे पाहत होती. तिला हे माहीत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"गॉर्डी," डार्लीनने हळूच विचारलं, "हे तू अजून कुणाकुणाला सांगितलंयस?"

गॉर्डीने पाठीवरचा हात काढून घेतला.

"सगळ्यांना," तो म्हणाला.