गालभर दूध आणि गलेलठ्ठ कोंबड्या

“हे माझं बी नव्हे!”

एमामा अस्कालूने, म्हणजे गावाच्या अस्कालूआजीने, तळहातावरचे दाणे बोटांनी चाचपले आणि परत मिंतवाबच्या ओंजळीत टाकले.

“पण एमामा, बियाणेघरातल्या बरणीवर तुमचंच नाव आहे! मी स्वतः वाचलंय.”

“नाव तू वाच. दाणा मी ओळखते. हा बघ कसा गुबगुबीत आहे. माझा दाणा वाळला की खप्पड होतो. माझ्या गालांसारखा!”

मिंतवाबचा मित्र येमाम फिदीफिदी हसला. त्याची धाकटी बहीण झैनूही हसली. मिंतवाब मात्र हसली नाही. तिचे पाय आधीच दुखत होते. पहाटेपासून तिघांनी झऱ्यावरून पाण्याच्या दोन खेपा केल्या होत्या. त्यात आता हे!

मागच्या वर्षापर्यंत या ज्वारीची कणसं एमामाच्या चुलीवर धुरात टांगलेली असत. शाळेत बियाणेघराचा कागद आला तो मिंतवाबने वाचला आणि चार दिवस म्हातारीच्या मागे लागली. “तिथे कुलूप असतं एमामा, किडा लागत नाही!” शेवटी एमामाने पेरणीपुरतं ठेवून बाकी सगळी कणसं दिली. मिंतवाबनेच ती डोक्यावरून नेली. मग पाऊस आलाच नाही. पेरलेलं सगळं करपून गेलं. आता महिन्याभरात पेरणी, आणि बी फक्त त्या बरणीत.

त्या ज्वारीचं नाव होतं वतेत बेगुंचे, म्हणजे गालात दूध. दुसऱ्या ज्वारीच्या रानात ती अधूनमधून पेरायची आणि कोवळी असतानाच हुरडा भाजून संपवायची. बाळंतिणीला पहिला घास तिचा. मिंतवाबच्या आईला दूध आलं नव्हतं, तेव्हा त्याच हुरड्याची पेज करून एमामाने तान्ह्या मिंतवाबला वाढवलं होतं. गावातली प्रत्येक बाई दर वर्षी मूठभर बी एमामाकडूनच न्यायची. मग दुसऱ्या कुणी कशाला जपून ठेवेल?

“चला,” मिंतवाब म्हणाली. “गाशे बिरूला विचारू.”

“आत्ता? या उन्हात?” येमाम कण्हला. “माझे पाय माझं ऐकत नाहीत.”

“तुझं कोणीच ऐकत नाही,” झैनू म्हणाली. “चल!”

बियाणेघर टेकडीखाली होतं. ते सांभाळणारा गाशे बिरू, म्हणजे बिरूकाका, दारात पाय पसरून बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण कुठल्याही कामात त्याचं अर्धंच लक्ष असायचं.

“बरणी भरलेली आहे ना? मग झालं तर!” तो जांभई देत म्हणाला. “पाहुणे बघायला येणार होते, म्हणून सगळं बी मी चाळणीतून काढलं. काय चकाचक दिसतंय!”

“आणि चाळणीखाली पडलं ते?” मिंतवाबने विचारलं.

“ते काय, बारीक, सुकलेलं, फुसकं. बरणी जवळजवळ रिकामीच झाली म्हणून शेजारच्या बरणीतलं घातलं. पळा आता, सुट्टी आहे तर खेळा!”

तिघं परत निघाली. मग बिरूच्या कुंपणापाशी येमाम थांबला.

“ए, या कोंबड्या बघा! आमच्या कोंबड्या म्हणजे पिसं लावलेल्या काटक्या, आणि या कशा डुलत चालल्यात! त्याच गावात राहतात, त्याच दुष्काळात.”

“अंडीही मोठी देतात,” झैनू म्हणाली. “तुम्हा ख्रिस्ती लोकांचा मोठा उपास चालू आहे, तुम्ही अंडी खात नाही, म्हणून गाशे आमच्या आईला स्वस्तात देतो. आई म्हणते, महिन्याभरात या कोंबड्यांना काय झालंय कळत नाही.”

“बियाणं कधी चाळलं त्याने?” मिंतवाबने एकदम विचारलं.

“पाहुणे येणार होते तेव्हा... म्हणजे महिन्याभरापूर्वीच!” येमामने डोळे विस्फारले. “अल्लाशप्पथ!”

झैनू अंडी आणायला गेली आणि दुसऱ्या मुठीत कोंबड्यांच्या पाटीतले दाणे घेऊन आली. धूळ, काड्या, फुटके तुकडे, आणि त्यांत गालफडं बसलेले लहान लहान दाणे. एमामाने एक उचलला. त्याच्या खळगीवरून अंगठा फिरवला.

“हेच,” ती म्हणाली, काठी घेऊन उठली आणि भर उन्हात टेकडी उतरून गेली.

परत आली तेव्हा तिला धरून बसवावं लागलं.

“बिरू म्हणतो, एमामा, तुमची नजर गेली, हा कचरा आहे. चाळणीखालचं अर्धं पोतं उरलंय. उद्या दुपारी कोम्बोल्चा शहरातला माणूस गाडी घेऊन येतोय. कोंबड्या आणि दाणा, दोन्ही त्याला विकलंय.” ती भिंतीला टेकली. “मी दमले गं. जाऊ दे.”

मिंतवाबला रडू आलं. पण रडायलाही आता जोर नव्हता.

“त्याला खरंच ओळखता येत नाही?” तिने विचारलं. “त्याने लहानपणी खाल्लंच असेल ना?”

“पोटभर खाल्लंय! पण हुरडा खाल्लाय. वाळलेला दाणा बायकांच्या चुलीवर. पुरुषाने तो बघितलाय कधी?”

मिंतवाब ताठ बसली.

“म्हणजे त्याचे डोळे ओळखत नाहीत. पण तोंड?”

झैनूच्या मुठीतले दाणे त्यांनी निवडले आणि रात्रभर पाण्यात भिजत घातले. सकाळी ते हुरड्यासारखे फुगले, मग एमामाने ते तव्यावर हलके भाजले. बिरूच्या घरी कॉफी उकळत होती. कॉफीबरोबर भाजलेले दाणे लागतातच, तेव्हा वाडगा घेऊन आलेल्या मुलांना कोण हाकलणार?

“अरे वा, आज काय एवढं प्रेम?” बिरूने मूठ तोंडात टाकली आणि नेहमीसारखा दुसरीकडे बघत चावू लागला. चावता चावता थांबला. परत चावला. डोळे मिटले.

“आईची शपथ! वतेत बेगुंचे! या दिवसांत हुरडा आणला कुठून?”

“तुमच्या कोंबड्यांच्या पाटीतून, गाशे,” मिंतवाब म्हणाली.

बिरूच्या हातातला पेला तसाच राहिला. मग तो उठला, आणि गावाने पहिल्यांदाच त्याला धावताना पाहिलं, तेही त्या पोत्याकडे!

दुपारी गाडी फक्त कोंबड्या घेऊन गेली. पोतं एमामाच्या अंगणात आलं. दोन दिवस चौघंजण एकेक दाणा निवडत होती: मुलं आणि खाली मान घातलेला बिरू. पाठी मोडून आल्या, डोळे चुरचुरले.

“गाशे, हा खप्पड की गुबगुबीत?” येमाम मधूनच विचारायचा.

“विचार, विचार! मी गप्पच बसणार आहे,” बिरू म्हणायचा.

शेवटी चार वाडगे भरले. बातमी ऐकून गावातली वडीलधारी मंडळी जमली होती. “पोरांनी गावाचं बी राखलं,” असं सगळ्यांत म्हाताऱ्या काझींनी म्हटलं, तेव्हा येमामचे कान लाल झाले.

एमामा फारसं कौतुक करणारी नव्हती. तिने एक वाडगा बियाणेघराला दिला. “पुन्हा चाळलंस तर याद राख, बिरू!” एक झैनूच्या आईकडे पाठवला. एक स्वतःकडे ठेवला. चौथा तिने मिंतवाबपुढे सरकवला.

“पुरचुंडी बांधून तुमच्या चुलीवर टांग.”

“मी?” मिंतवाबने वाडग्याला हात लावला नाही. “एमामा, माझ्यामुळेच तर हे...”

“म्हणूनच तू.” एमामाने थकलेले डोळे मिटून घेतले. “तू आता झोपेतसुद्धा विसरणार नाहीस.”