आधी गोडसर, मग उग्र

"आजच या. संध्याकाळपर्यंत वास गेला नाही, तर दादाला वृद्धाश्रमात पाठवायचं ठरलंय," धाकटा भाऊ फोनवर म्हणाला.

माणूस गेलेल्या घरातला वास काढायचा, हा नाकवाल्यांचा धंदा. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागे. हे घर त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच धुऊन काढलं होतं, आणि आता वास परत आला म्हणे. म्हणजे प्रश्न त्यांच्याच नाकाचा होता. ते तणतणतच आले.

दोघे भाऊ शेजारशेजारच्या फ्लॅटमध्ये राहत. थोरल्याच्या उपचारांसाठी दोघे आठवडाभर परगावी गेले होते. परतून दार उघडलं, तेव्हा थोरल्याची बायको जाऊन सहा दिवस झाले होते. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला आणि प्रकरण मिटलं.

दादा बॅग भरून बसले होते. "आजारपणात माझं नाक गेलं. सगळे म्हणतात वास येतो, तर येत असेल."

धाकटी जाऊ नाकाला रुमाल लावून दारात उभी होती.

"कधीपासून येतोय?" नाकवाल्यांनी विचारलं.

"चार दिवस झाले. मीच सोसायटीच्या कमिटीकडे तक्रार केली, दादांना एकट्यानं घर स्वच्छ ठेवता येत नाही म्हणून. शेजारी आम्ही राहतो, आम्ही काय पाप केलंय?"

"वास कसा आहे?"

"तेव्हाचाच. आधी गोडसर, पिकून गेलेल्या फळासारखा. मग उग्र, घशाशी येणारा."

"इथे कोण येतं-जातं?"

"आम्ही दोघंच, एक किल्ली आमच्याकडे असते. हे तर रोज संध्याकाळी इथेच. घरी बायको आहे याचा पत्ताच नाही. वहिनींचं भरतकाम, वहिनींचं अक्षर, वहिनींचं हसणं. बाई गेली, पण कौतुक काही संपत नाही." तिचा जळफळाट लपत नव्हता. धाकट्याने मान खाली घातली.

"त्या आठवड्यात तुम्ही घरीच होता. वास आला नाही?"

"सर्दीनं नाक चोंदलं होतं. हे परत येईपर्यंत मोकळं झालं नाही. पोलिसांनाही तेच सांगितलंय."

नाकवाल्यांनी घरभर हुंगलं. वहिनी जिथे पडली होती ती फरशी स्वच्छ होती. वास येत होता खिडकीजवळच्या दिवाणाकडून. धाकटा रोज तिथेच बसे. दिवाणामागे हात घालून त्यांनी एक जुना मोजा ओढून काढला. आत चार बटाटे कुजून पाणी पाणी झाले होते.

"कुजका बटाटा भल्याभल्यांना फसवतो," ते धाकट्याकडे वळून म्हणाले. "दादा स्वतःला घराबाहेर काढायला हे करणार नाहीत. तुम्ही स्वतःच्या पाठीमागे घाण ठेवून बसणार नाही. राहिल्या ताई."

"मग द्या मला फाशी चार बटाट्यांसाठी," धाकटी म्हणाली. "नवऱ्यानं संध्याकाळी घरी बसावं, एवढंच हवं होतं मला."

"बटाट्यांचं सोडा. बंद घरात तो गोडसर वास पहिल्या दोन-तीन दिवसांचा. हे दोघे आले तेव्हा तो उरलाच नव्हता. आधी कसा आणि मग कसा, हे फक्त रोज हुंगणाऱ्याला सांगता येईल. तुमचं नाक चोंदलेलं नव्हतं, ताई. तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळलं होतं, आणि तुम्ही गप्प बसलात."

धाकटीने रुमाल खाली घेतला.

"का गं?" दादांनी विचारलं.

"सगळी इमारत त्यांच्यासाठी रडली असती. मलाही रडावं लागलं असतं." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही गेलात त्या दुपारी त्यांनी भिंत वाजवली होती. बराच वेळ. मला वाटलं, नवीन भरतकाम दाखवायला बोलावतायत."

दादांनी हातांनी तोंड झाकून घेतलं. धाकट्याने त्यांची बॅग उघडली आणि एकेक कपडा परत कपाटात लावला. मग शेजारच्या घरात जाऊन तो आपली गादी घेऊन आला आणि ती दादांच्या खोलीत टाकली.

"तुम्ही इथे झोपणार?" धाकटीने विचारलं.

तो दारापाशी आला आणि त्याने हात पुढे केला.

"या घराची किल्ली दे," तो म्हणाला.