शकूमामीच्या शेतावरचा उजेड

दिवे बंद, तरी उजेड! हे कोडं सुटलं नसतं, तर आमच्या शकूमामीच्या हरितगृहाला त्या रविवारी सकाळीच टाळं लागलं असतं.

डोंगरावर मोठी दुर्बीण बसली तेव्हा आमच्या आंबेखिंडीने ठराव केला, रात्री आठनंतर उघड्यावर एकही दिवा लावायचा नाही. हरितगृहाच्या पारदर्शक छतातूनही उजेड बाहेर पडतो, म्हणून त्याची खरी झळ बसली मामीला. ती शेवंती लावते. शेवंती मोठ्या रात्रीत फुलते, म्हणून फूल सणापर्यंत लांबवायचं तर रोपांवर रात्री दिवे लावावे लागतात. मामीने सगळे दिवे काढून माळ्यावर टाकले. फूल महिनाभर आधीच आलं आणि सणाच्या आत सुकून गेलं. तरी तिने हूं की चूं केलं नाही.

आणि तिलाच खोटी ठरवायला निघाले! गावाचा यंत्रमानव टेहळ्या रात्री आकाशाचे फोटो काढतो. त्यात मामीच्या शेतामागे, क्षितिजाच्या जरा वर, फिकट हिरवट पट्टा दिसला. लगेच रविवारी सकाळी ग्रामसभा बोलावली.

"फोटो खोटं बोलतो का, शकुंतलाबाई?" सरपंच विलासतात्या म्हणाले. "चोरून दिवे लावता हे कबूल करा, नाहीतर हरितगृह बंद."

"देवाशपथ तात्या, एक बल्ब लावला नाही हो," मामी म्हणाली. मला रडूच आलं, आणि रडू आलं की मला फार राग येतो. मी तडक सभेतल्या पडद्याशेजारी थांबलेल्या टेहळ्यापुढे जाऊन उभी राहिले.

"तू कुठल्या बाजूचे फोटो दाखवलेस?"

"पूर्वेचे. शकुंतलाबाईंचं शेत त्याच बाजूला, तेवढेच मागितले होते."

"आणि बाकीच्या तीन बाजू?"

"दुर्बिणीच्या घुमटावरच्या कॅमेऱ्यात आहेत. मला कुणी मागितले नाहीत."

घ्या! मी म्हटलं, "दाखव पश्चिम." पश्चिमेला धरण आहे, तिथे काळं कुत्रं फिरकत नाही. पडद्यावर धरण आलं आणि त्याच्यावरही तोच हिरवट पट्टा! उत्तरेला तोच, दक्षिणेलाही तोच.

"धरणातले मासे शेवंती लावतात वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तात्या तेवढे हसले नाहीत.

"मग हा उजेड आहे कुणाचा?" त्यांनी विचारलं.

टेहळ्याने वर्णपट (उजेडातले रंग वेगळे करून मांडलेली पट्टी) दाखवला. "बल्बचा उजेड असता तर इथे सगळे रंग सलग दिसले असते. इथे सुट्या रेषा आहेत. ही ठळक हिरवी रेषा ऑक्सिजनची. याला वायुदीप्ती (हवेचा स्वतःचा मंद उजेड) म्हणतात."

"अगं बाई, हवा पेटते की काय?" मामी दचकली.

"नाही. शंभरेक किलोमीटर उंचीवर ऊन दिवसा ऑक्सिजनचे रेणू (जोडून राहिलेले अणू) फोडतं. सुटे झालेले अणू रात्री पुन्हा जुळतात. जुळताना जी ऊर्जा मोकळी होते ती शेजारच्या अणूला मिळते, आणि तो ती हिरव्या उजेडाच्या रूपात टाकून देतो."

"म्हणजे आमच्या गच्चीसारखं!" मी ओरडले. "दिवसभर तापते आणि रात्री पाठ भाजते."

"बरंचसं तसंच. गच्ची ऊब साठवते, इथे उन्हाची ऊर्जा सुट्या अणूंत साठते. काही रात्री उजेड जास्त, काही रात्री कमी."

"पण मग तो क्षितिजाजवळच का?" तात्यांनी हेका सोडला नाही.

"थर सगळीकडे आहे. डोक्यावर पाहिलं तर नजर सरळ आरपार जाते. क्षितिजाकडे ती तिरपी जाते, म्हणून वाटेत जास्त थर लागतो."

"काकडी तिरपी चिरली की चकती लांब निघते, तसं," मामी हळूच म्हणाली.

"अगदी बरोबर," टेहळ्या म्हणाला.

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. "चुकलो, शकूताई. भर सभेत बोललो, म्हणून भर सभेतच माफी मागतो."

तोवर एक टिपूस न काढलेली मामी आता मात्र घळाघळा रडली. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

"मंगळाच्या हवेतही असा हिरवा उजेड सापडला आहे," टेहळ्या जरा वेळाने म्हणाला. "पुढे तिथे माणसं राहायला गेली, की त्यांनाही तो दिसेल."

मामीने पदराने डोळे पुसले. "मग त्यांना आत्ताच कळवून ठेव रे बाबा. नाहीतर तिथेही एखाद्या बिचारीला उगाच चोर ठरवतील!"