कळ्यांसाठी काळा पडदा

“काळं, जाड कापड हवंय. उजेडाचा ठिपकासुद्धा आत येता कामा नये.”

पडदेवालीनं मशीन थांबवून वर पाहिलं. काउंटरपलीकडे एक उंच तरुण उभा होता. छातीवर ड्रायव्हिंग स्कूलचा बिल्ला.

“बाळ झोपत नाही का?”

“बाळ नाही... कॅक्टस आहे.”

ती हसली नाही. गिऱ्हाइकं काय वाट्टेल ते सांगतात.

“रस्त्यावरचा दिवा थेट खिडकीत येतो,” तो घाईनं म्हणाला. “संध्याकाळपासून सकाळपर्यंत गुडुप अंधार मिळाला तरच याला कळ्या येतात म्हणे. आईचा आहे. ती ताईकडे राहायला गेली आणि हा माझ्या गळ्यात पडला. दर थंडीत फोनवर विचारते – फुलला का रे?”

“मग?”

“मी सांगतो, भरभरून!” तो ओशाळला. “या वर्षी ती स्वतः बघायला येतेय.”

माप घ्यायला ती त्याच्या घरी गेली. तिला काटेरी गोळा अपेक्षित होता. इथे तर चपटी हिरवी पेरं एकाला एक जोडून कुंडीबाहेर लोंबत होती, काटा औषधालाही नव्हता. तिनं मातीत बोट घातलं.

“चिखल केलाय. रोज पाणी घालता?”

“प्रेमानं घालतो हो.”

“वरची माती सुकेपर्यंत प्रेम आवरा जरा.”

पडदा लागला. पण त्याच्याकडे गाडी शिकणारे लोक नेमके संध्याकाळी यायचे. पडदा ओढणार कोण? तिचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. त्यानं चाचरत किल्ली पुढे केली, तिनं घेतली. शेवटी पडदा आपणच शिवलाय, असं तिनं स्वतःला समजावलं.

हळूहळू त्याचे तास लवकर संपू लागले. तो धापा टाकत यायचा, चहा टाकायचा. ती कपातला चहा संपेपर्यंत थांबायची. मग कप मोठे झाले. तिच्या ते लक्षात आलं.

एके दिवशी पेरांच्या टोकांशी गुलाबी ठिपके दिसले. कळ्या! दोघं एकदमच वाकले, डोक्यावर डोकं आपटलं.

“लागलं?”

“नाही.” लागलं होतं.

कळ्या आल्यावर अंधाराचं काम संपतं. तिनं किल्ली परत दिली. त्यानं ती घेतली आणि दोन्ही मोठे कप विसळून फळीवर ठेवले.

आठवड्यानं तो दुकानात आला तो मूठभर कळ्या घेऊन. “आईला येताक्षणी दिसावा म्हणून बाहेरच्या खोलीत हलवला. सगळा गळतोय!”

“आता परत हलवू नका. राहील ते राहील. आणि आईंना खरं सांगून टाका.”

“चिडेल ती.”

“शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायला घाबरत नाही, आणि आईला घाबरता?”

त्यानंतर कितीतरी दिवस तो आला नाही. तिनं एका हॉटेलाचे पडदे पुरे केले. संध्याकाळी मात्र दुकान बंद करून कुठे जायचं, हे तिला आठवावं लागे.

एका दुपारी दारात एक बुटकी बाई उभी राहिली, मागे मान खाली घालून तो.

“तूच का ग ती पडदेवाली? दोनच फुलं आलीत, पण काय रंग आहे! यानं सगळं खोटं कबूल केलं. चांगला झापला मी. पण संध्याकाळ झाली की हा दाराकडे बघत का बसतो, ते मात्र सांगत नाही.”

“आई!”

“मी बाहेर उभी राहते,” आई म्हणाली आणि आतच उभी राहिली.

मशीन चालूच होतं. तो काउंटरपाशी आला. “पडदा ओढायचं निमित्त आता नाही... तरी येत जाल? म्हणजे – मला तुम्ही आवडता.”

“मलाही तुम्ही आवडता,” ती म्हणाली. कापडाचा भाव सांगावा इतक्या सरळ आवाजात.

फक्त हातातली शिवण पार तिरकी गेली होती. ते दोघं गेल्यावर उसवून काढू असं तिनं ठरवलं, आणि मग तशीच ठेवून ती त्यांच्याबरोबर फुलं बघायला निघाली.