चोवीस नंबरची पिशवी

खोटं वाटलं तर वाटू दे. मी कुणाच्या गळ्यात मारायला आलेले नाही.

पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि माझी मावशी म्हणजे, भूत दारात आलं तरी त्याला "आधी पाय पुसून ये" म्हणणारी बाई. अशी बाई घाबरली, म्हणून सांगतेय.

दहा वर्षं झाली. सहामाही सुट्टीच्या आधीचे सहा गुरुवार. तेही भर दुपारचे.

मावशी एका मोठ्या खासगी आंतरराष्ट्रीय शाळेच्या वसतिगृहात लॉन्ड्री सांभाळायची. देशोदेशीची पोरं, आणि नावं अशी की वाचताना जिभेला गाठ पडावी. म्हणून शाळा सुरू झाल्यापासून तिथे कपड्यांवर नाव नाही, नंबर शिवायचा. पोर शाळा सोडून गेलं की तोच नंबर नव्या पोराला. नंबर विणलेल्या पट्ट्यांची रिळं मावशीच्या कपाटात असायची.

तिच्या आधीची लॉन्ड्रीवाली म्हातारी निवृत्त होताना किल्ल्या देऊन गेली. जाताना एवढंच म्हणाली, "सगळे नंबर फिरव. चोवीस तेवढा राहू दे."

का, ते तिने सांगितलं नाही. मावशीनेही विचारलं नाही.

मावशीचे यजमान लवकर गेले. पदरात एकुलती एक मुलगी, अकरा वर्षांची. तिला आम्ही सगळे चिंगी म्हणायचो. शाळा दर वर्षी कर्मचाऱ्यांच्या एका मुलाला फुकट प्रवेश द्यायची, वसतिगृहासकट. त्या वर्षी चिंगीचा नंबर लागला. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. आपल्या पोरीने जन्मभर दुसऱ्यांचे कपडे धुवायचे नाहीत, एवढं एकच मागणं होतं तिचं.

कपडे दोन दिवसांत तयार हवे होते. बघते तर मोकळ्या नंबरांची सगळी रिळं संपलेली. नवी यायला महिना लागणार.

एकच रीळ भरलेलं होतं. कोरं करकरीत...

चोवीस.

"म्हातारीला काय, उठल्यासुटल्या काहीतरी," असं म्हणून मावशीने तो नंबर शिवला. चिंगीच्या एकूण एक कपड्यावर, स्वतःच्या हाताने, मोठ्या हौसेने.

दर गुरुवारी प्रत्येक पोराची कापडी पिशवी लॉन्ड्रीत यायची. आत चिठ्ठी असायची, कपडे किती ते लिहिलेली.

पहिल्या गुरुवारी चिंगीची पिशवी आली. चिठ्ठीवर सात. मावशीने मोजले. बरोबर सात.

पण त्यातला टॉवेल चिंगीचा नव्हता.

जुना, विरलेला. कडेला लाल दोऱ्याने हाताने भरलेला नंबर... चोवीस. आणि टॉवेल ओला होता. नुसता ओला नाही, गार.

"कुणाचा गं उचललास?" मावशीने विचारलं.

"मी नाही उचलला," चिंगी म्हणाली. "माझा सापडतच नाहीये."

पोरं वस्तू हरवायचीच. मावशीने तो टॉवेल कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि चिंगीला दुसरा दिला.

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा सात. त्यात दोन कपडे परके. एक स्कर्ट...

आणि तोच टॉवेल.

मावशीने कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं होतं. आत टॉवेल नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी तीन. चौथ्या गुरुवारी चार. चिठ्ठीशी हिशेब दर वेळी चोख. फक्त चिंगीचा एक कपडा कमी व्हायचा आणि परका एक वाढायचा.

चौथ्या वेळी शर्ट आला होता. गोल कॉलरचा. असली कॉलर मावशीने शाळेत कधी पाहिली नव्हती.

नाही कशी? पाहिली होती की! मुख्य इमारतीच्या लांब व्हरांड्यात शाळेचा इतिहास टांगलेला होता. संस्थापक, पायाभरणी, बक्षिसं, आणि पहिल्याच वर्षीच्या मुलींचा फोटो. मावशी हात पुसत तिथे गेली. फोटोत सगळ्यांच्या कॉलरी गोल होत्या. तिने मुली मोजल्या. चोवीस. खाली छापलेली नावं मोजली.

तेवीस.

ती पुन्हा मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

चिंगीही बदलत होती. बोलणं कमी झालं होतं. उन्हात उभी असली तरी कुडकुडायची. डॉक्टर म्हणाले, "घरची आठवण येत असेल." अहो, घर शंभर पावलांवर होतं तिचं!

सहावा गुरुवार. संध्याकाळपासून सुट्टी. पोरं बसमध्ये चढत होती. मावशीने चिंगीची पिशवी उपडी केली.

सात. त्यातले सहा परके. चिंगीचा फक्त एक मोजा... तोही ओला.

मावशीने म्हातारीला फोन लावला.

"चोवीस नंबर दिला मी," मावशी म्हणाली.



"कुणाला?"

"माझ्या मुलीला."

"अगं बाई... किती आले परत?"

"सहा."

"अंगावरचा नंबर उसव. आत्ताच्या आत्ता. पळ!"

मावशी शिवणाची कात्री घेऊन धावली. वसतिगृह रिकामं झालं होतं. पंखे बंद, दारं सताड उघडी. एरवी कानठळ्या बसवणाऱ्या त्या जागेत तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

चिंगी पलंगावर बसली होती. एकटी. दात वाजत होते. कपाट उघडं होतं, आत एक चिंधीसुद्धा नव्हती.

"चिंगे, कपडे कुठायत तुझे?"

"तिला दिले."

"कुणाला?"

"तिला थंडी वाजते गं आई. आता विचारत होती... अंगावरचा कधी देतेस?"

मावशीने तिची मान वाकवली आणि कॉलरमागचे टाके कापायला लागली. किती घट्ट शिवला होता मेला!

तेवढ्यात व्हरांड्यात आवाज आला...

चप.

चप.

ओल्या अनवाणी पायांचा. एकेक खोली मागे टाकत येत होता.

दाराशी आला... आणि थांबला.

मावशीने मान वर केली नाही. "मी बघितलं असतं तर कात्री पडली असती हातातून," ती म्हणते. शेवटचा टाका तुटला. पट्टी खाली पडली. तिने चिंगीला काखोटीला मारलं, डोळे मिटले आणि दारातून बाहेर पडली. उंबऱ्यावर पाय ठेवला तर घोट्यापर्यंत गार पाणी लागलं.

चिंगीला तिने शाळेतून काढलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, दैव देतं आणि कर्म नेतं, असं करताय तुम्ही." मावशीने ऐकून घेतलं. पट्टी, रीळ, सगळं जाळलं. नोकरी मात्र सोडता येईना. डोक्यावरचं छप्पर शाळेचंच होतं.

सुट्टी संपली. एक नवीन मुलगी आली. लांबून कुठून तरी आलेली, नऊ वर्षांची. इथली भाषा येत नव्हती तिला. मापं घेताना मावशीचं बोट धरून उभी राहिली.

क्लार्कने कागद दिला. नव्या पट्ट्याही आल्या होत्या. "हिला चोवीस. एकदा वापरात आला ना, आता कॉम्प्युटर मोकळा दाखवतोय."

"दुसरा द्या हो."

"का?"

काय सांगणार? वेडी ठरली असती, घर गेलं असतं. रात्रभर रडली ती. आणि सकाळी तिने तो नंबर शिवला.

पहिल्या गुरुवारी सातही कपडे त्या मुलीचेच होते. दुसऱ्या गुरुवारीही. मावशीला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या गुरुवारी पिशवी आली. उचलताना जड लागली. बुडाशी हात लावला तर गार...

मावशीने ती टेबलावर ठेवली. शेजारी किल्ल्या ठेवल्या. चिंगीला घेतलं आणि त्याच दुपारच्या बसने आमच्याकडे निघून आली. पुन्हा तिकडे फिरकली नाही.

चिंगी आज एकवीस वर्षांची आहे. ठणठणीत आहे, खळखळून हसते. तिला त्यातलं फारसं आठवतही नाही. पण ती अशी हसायला लागली की मावशी उठून आत जाते.

परवा मी मागोमाग गेले. ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"मी माझी वाचवली," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या लेकरालाही आई असेलच ना गं? निदान पिशवी तरी उघडायला हवी होती मी."